मगदूम काकांचं नाक

मगदूम काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भंगाराच्या डब्यात. म्हणजे कमरेच्या वरचे काका डब्यात होते आणि खालचे बाहेर. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या वेर्टश्टॉफहोफवर, म्हणजे शनिवारी लोक घरातली अडगळ वेगवेगळ्या डब्यांत टाकायला जातात त्या आवारात, मी मोडकी खुर्ची घेऊन गेले होते. नारिंगी जाकीट घातलेला कर्मचारी काकांच्या पाठीमागे उभा राहून शांतपणे सांगत होता की डब्यात टाकायला परवानगी आहे, डब्यातून काढायला नाही. आतून आवाज आला, "या या, गेनाऊ," म्हणजे हो हो, बरोबर, आणि त्याच श्वासात मराठीत, "तिच्यायला, पितळ आहे रे ते! पितळ टाकतंय होय कोण?"

मी फस्सकन हसले. काका बाहेर आले. हातात एक जुना कार्ब्युरेटर. माझी ओळख ना पाळख, तरी तो नाकाला लावून, डोळे मिटून मलाच सांगायला लागले, "गवत कापायच्या मशीनचा आहे. दोन हिवाळे आत पेट्रोल तसंच ठेवलंय. पार लाख झालीय त्याची. धुतला असता तर चालला असता गं." मग कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो परत डब्यात ठेवला, फेकला नाही, ठेवला, आणि बसस्टॉपपर्यंत घरचं माणूस गेल्यासारखे गप्प चालत राहिले. बसमध्ये बसल्यावर मग विचारलं, "कुठली तू?"

काकांची आठवण अशीच ठेवावी, असं मला फार वाटतं. इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण काकांबद्दल सांगायचं तर त्यांच्या नाकाबद्दल सांगावं लागतं, आणि नाकाबद्दल सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागतं.

काका कोल्हापूरकडचे. सत्तरच्या सुमाराला फिटर म्हणून शिकायला जर्मनीत आले आणि राहिले. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, कार्ब्युरेटर. हवा आणि इंधन यांचं मिश्रण करून इंजिनाच्या तोंडी देणारी ती मूठभर वस्तू, तिच्यात त्यांचा सगळा संसार. पुढे गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेले, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं काकांनी गोदामात नटबोल्ट देत काढली. त्या अकरा वर्षांबद्दल ते एकच वाक्य बोलायचे, "तिथं नाकाचं काय काम नव्हतं."

मी इंजिनांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. हवा किती, इंधन किती, हे माझ्या पडद्यावर आकड्यांत दिसतं. हे ऐकल्यावर काकांनी विचारलं, "तुझ्या संगणकाला कळतं कसं?"

"सायलेन्सरमध्ये सेन्सर असतो, काका. तो धूर तपासतो."

"म्हणजे नाकच की!" काका खूश झाले. "आल्झो, म्हणजे आपण एकाच धंद्यातले."

निवृत्तीनंतर काकांनी बायकोच्या गावी दुकान थाटलं. दुकान म्हणजे रेनाटेकाकूंच्या भावाचं, एर्विनचं, धान्याचं जुनं कोठार. बॉबलिंगेनपासून बसनं वीस मिनिटं. तिथं दर शनिवारी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आपले म्हातारे ट्रॅक्टर, पंप, करवती घेऊन यायचे. ज्या गावात काकांना चाळीस वर्षं लोक "तो रेनाटेचा इंडियन" म्हणत होते, तिथं आता टोपी काढून "हेर मागडूम", म्हणजे मगदूमसाहेब, म्हणायला लागले होते. काका इंधनाच्या टाकीचं झाकण उघडायचे, एकदा हुंगायचे आणि निदान सांगायचे. शिळं पेट्रोल, पाणी शिरलेलं, तेल जास्त झालेलं, सगळं नाकानं. धुराची तर ते जवळजवळ चवच घ्यायचे. "हा डोळ्यात जातोय, म्हणजे उपाशी आहे. हा घशात बसतोय, म्हणजे जास्त पितोय." एवढं बोलून स्क्रू पाव फेरा फिरवायचे, की इंजिन सुतासारखं सरळ.

मीही शनिवारी जायला लागले. का, ते सांगता येणार नाही. आठवडाभर आकडे बघून कंटाळायचे, आणि तिथं कुणीतरी कोल्हापुरी शिव्या देत काम करत असायचं, एवढंच असेल. पहिल्याच महिन्यात मी माझी अक्कल दाखवली. एका पंपाच्या जेटचं, म्हणजे ज्यातून इंधन बारीक धारेनं येतं त्या पितळी तुकड्याचं, भोक तुंबलं होतं. आमच्या घरी स्टोव्ह तुंबला की पिन मारायचे, ते आठवून मी ओढणीची सेफ्टी पिन काढली आणि भोकात घालायला गेले. काकांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"हा काय रॉकेलचा स्टोव्ह आहे? मऊ पितळ आहे ते. एक ओरखडा उठला तरी भोक मोठं होतंय, आणि मग जन्मभर जास्त पीत बसतंय. जेटला फुंकर मारायची, पिन न्हाई."

मी ओशाळले. मग त्यांनीच सांगितलं की इथं आल्यावर पहिल्या वर्षी त्यांनीही हेच केलं होतं, तार घातली होती. त्यांचा मास्टर ओरडला नाही. त्यानं तो बिघडलेला जेट काकांच्या टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला आणि वर्षभर उचलू दिला नाही. "ओरडला असता तर बरं झालं असतं," काका म्हणाले.

काकांचा एक नियम होता. यंत्र दुरुस्त झालं की मालकाला स्टुलावर बसवायचं आणि काय बिघडलं होतं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. एकदा गावच्या पाद्रीबुवांना त्यांनी बसवलं. चर्चमागचं गवत कापायचं मशीन होतं. पाद्रीबुवा मान खाली घालून म्हणाले, "मी झाकण उघडं ठेवलं. पावसाचं पाणी आत गेलं." काकांनी आणखी एकदा म्हणायला लावलं. मला हसू आवरेना. नंतर काका गंभीरपणे म्हणाले, "हसू नको. न सांगता दुरुस्त केलेलं मशीन परत बिघडतंय. ज्याचं आहे त्याला कळायला पायजे."

तेवढंच कडक दुसरं प्रकरण म्हणजे लेबलं. एर्विन पडला जर्मन शेतकरी, त्याच्या घरात मिठाच्या बरणीवरही तारीख. कोठारात दोन सारखे हिरवे कॅन होते, एकात पेट्रोल, एकात रॉकेल. एर्विननं त्यांवर लेबलं चिकटवली. काकांनी ती नखानं खरवडून काढली. "नाक असताना लेबल कशाला? लेबल आंधळ्याला." एर्विन खांदे उडवून निघून गेला.

आता तो ट्रॅक्टर. रेनाटेकाकूंच्या वडिलांचा, महायुद्धाच्या आधीचा, अमेरिकेहून आलेला. त्याला दोन टाक्या. लहान टाकीत पेट्रोल, मोठीत रॉकेल. थंड इंजिन रॉकेलवर पेट घेत नाही, म्हणून सुरू करायचा पेट्रोलवर, आणि चांगला तापला की तोटी फिरवून रॉकेलवर टाकायचा. सासरेबुवांनी काकांना जावई म्हणून कधी धड स्वीकारलं नव्हतं, पण हा ट्रॅक्टर अडला की त्यांनाच बोलावणं जायचं. काका म्हणायचे, "म्हातारा माझ्याशी बोलला तो ह्याच्याच मार्फत."

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एर्न्टेडांक, म्हणजे सुगीचा सण. गावातून जुन्या ट्रॅक्टरांची मिरवणूक निघते. त्या वर्षी, २०१६ असावं, एर्विननं सांगून टाकलं की मिरवणुकीत ट्रॅक्टर आपल्या पायांनी चालला तर ठीक, नाहीतर तो भंगारवाल्याला बोलावणार. त्याला वोनमोबिल, म्हणजे घरासारखी राहायची गाडी, ठेवायला जागा हवी होती. काका हसले. "चार शनिवार आहेत. तीन तास पुरेत."

पहिल्या शनिवारी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. काकांनी लहान टाकी स्वतः भरली होती. हँडल मारून मारून त्यांचा शर्ट भिजला, माझे तळहात सोलवटले. अंगठा मुठीत घ्यायचा नाही, हँडल उलटं फिरलं तर अंगठा जातो, हे ते मला दर वेळी बजावायचे. प्लग काढून बघितले, तर ओले. ठिणगी तर झकास. "म्हणजे इंधन येतंय, आग आहे, आणि हा बाबा पेटत न्हाई," काका म्हणाले. तोटीखाली काचेचा ग्लास धरून त्यांनी इंधन घेतलं, नाकाजवळ नेलं, म्हणाले, "ताजं आहे," आणि ओतून दिलं.

ते ताजं आहे म्हणाले, म्हणजे ताजं होतं. मला शंका यायचं कारणच नव्हतं. एक थेंब बोटावर चोळला असता तरी कळलं असतं, पेट्रोल क्षणात उडून जातं आणि रॉकेल तेलकट राहतं. पण ज्याचं नाक चाळीस वर्षं चुकलं नाही तो बोट कशाला बघेल?

दुसऱ्या शनिवारी कार्ब्युरेटर पूर्ण उघडला. फ्लोट, सुई, जेट, सगळं रॉकेलच्या परातीत धुतलं. त्या परातीमुळे कोठारभर रॉकेलचाच वास असायचा, म्हणून मलाही काही कळलं नाही. नवे वॉशर घातले. फुंकरा मारल्या. हँडल मारलं. इंजिन खोकलंसुद्धा नाही. काका स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्या जेटकडे बघत राहिले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "माझंच कायतरी चुकतंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, जुनं मशीन आहे." ते माझ्यावर खेकसले, "मशीन जुनं झालं म्हणून खोटं बोलत न्हाई!"

तिसऱ्या शनिवारीही तेच झालं. संध्याकाळी काका हात धुवायला गेले. हँडल मारून मारून लहान टाकी रिकामी होत आली असेल, म्हणून मी झाकण उघडून आत डोकावले. आणि मला आमच्या लहानपणचं स्वयंपाकघर आठवलं. रॉकेल. निखळ रॉकेल. परातीचं नव्हे, टाकीतलं. पेट्रोलच्या टाकीत काकांनी रॉकेल भरलं होतं, आणि तीन शनिवार ते दर वेळी हुंगून म्हणत होते की ताजं आहे.

मी झाकण लावलं. काका परत आले तेव्हा मी बसची वेळ झाली म्हणून निघाले.

मिरवणुकीला अजून आठवडा होता. शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून मी कोठाराची किल्ली मागायला रेनाटेकाकूंकडे गेले. काकू मराठी शिकल्या त्या सासूबाईंकडून, गावाकडे सुट्टीत जाऊन, त्यामुळे निळ्या डोळ्यांची ही बाई अस्सल गावरान बोलायची. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी मला बसवलं.

"त्येला वास येत न्हाई," काकू म्हणाल्या. "दोन वरीस हळूहळू जात ऱ्हायला, आता पार गेला. कॉफी करपली तरी बसून ऱ्हातो. मी खिडकी उघडते, नवी करते. त्येला कळू देत न्हाई."

"काकू, डॉक्टर?"

"नाक गेलं म्हणून कोण डॉक्टरकडं जातंय? आन गेला तर त्येला कळंल की." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "त्येला सांगू नगंस, पोरी. एर्न्टेडांक होऊ दे."

मी टाकी रिकामी केली, धुतली, ताजं पेट्रोल भरलं. कार्ब्युरेटरमधलंही काढून टाकलं. मला वाटत होतं मी चांगलं काम करते आहे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता, काकांना न सापडलेला बिघाड मला सापडला होता. त्या अभिमानाची मला आजही शरम वाटते.

शनिवारी सकाळी काकांनी अर्धं हँडल फिरवलं आणि ट्रॅक्टर धडधडायला लागला. एर्विननं टाळ्या वाजवल्या, काकांच्या पाठीवर थापा मारल्या. काका हसले नाहीत. त्यांनी इंजिन चालू दिलं, कान देऊन ऐकलं, मग बंद केलं. एर्विन बायकोला बोलवायला घरात पळाला. काका माझ्याकडे वळले आणि त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बस. काय बिघडलं होतं?"

मी बसले. "जेटमध्ये कचरा होता, काका. तुम्ही गेल्या शनिवारी फुंकर मारली ती लागू पडली असेल."

"जेट मी दोन शनिवार धुतोय. परत सांग."

मी परत तेच सांगितलं. मला दुसरं सुचेना. काकांनी फळीवरून तीन ग्लास काढले, माझ्यासमोर ठेवले आणि पाठ फिरवली. "ह्यात तुला पायजे ते घाल. मला सांगू नको."

मला पळून जावंसं वाटलं. मी एकात पेट्रोल घातलं, एकात रॉकेल. तिसऱ्यात नळाचं पाणी घातलं. निदान ते तरी ओळखतील, असं मला वाटलं. काका डोळे मिटून, हात पाठीमागे बांधून वाकले. पहिल्यावर म्हणाले, "पेट्रोल." दुसऱ्यावर, "पेट्रोल. जरा शिळं." तिसऱ्यावर ते फार वेळ वाकून राहिले. मग ठामपणे, मालकांना सांगायचे तशा आवाजात म्हणाले, "रॉकेल."

त्यांनी डोळे उघडले, तिसऱ्या ग्लासात बोट बुडवलं, बोट जिभेला लावलं.

"पाणी आहे गं," काका म्हणाले.

मी रडायला लागले. माफी मागितली, काकूंनी सांगितलं होतं तेही बोलून टाकलं, म्हणजे जाता जाता काकूंनाही उघडं पाडलं. काका ओरडले नाहीत. तिन्ही ग्लास त्यांनी नीट धुतले, पालथे घातले. "तू केलंस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "पण ज्याचं आहे त्याला सांगायचं असतं, पोरी. पाद्र्याला सांगितलं की न्हाई मी?" मी म्हटलं, "मी तुमचं नाक होईन काका. मी हुंगते, तुम्ही निदान करा." त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या नाकानं वास येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत ट्रॅक्टर एर्विननं चालवला. काका घराबाहेर पडले नाहीत. पुढच्या शनिवारी मी गेले तर कोठाराच्या दारात दोन शेतकरी यंत्रं घेऊन उभे होते, आणि काका त्यांना सांगत होते, "मला आता कळत नाही. दुसरीकडे न्या." सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. आत दोन्ही कॅनवर त्यांच्या वळणदार अक्षरात नवी लेबलं लावलेली होती. मी परत बसस्टॉपवर आले आणि बस येईपर्यंत तिथं बसून राहिले. पुढच्या शनिवारपासून मीही जायचं सोडलं.

डॉक्टरची वेळ मिळायला तीन महिने लागले. निदान आलं कंपवाताचं. वास जाणं ही त्याची पहिली खूण असू शकते, हात कापायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी सांगितलं असतं तरी काही टळलं नसतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. रोग टळला नसता, हे खरंच. पण चाळीस वर्षं काकांनी प्रत्येकाला त्याचा बिघाड तोंडावर सांगितला, आणि त्यांचा स्वतःचा बिघाड त्यांना सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून टाकी धुतली. त्या कोठारातून ते ज्या पद्धतीनं बाहेर पडले ती माझ्यामुळे.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून फ्रँकफर्टला गेले. काकूंचा फोन आला, एर्न्टेडांकला ये म्हणून. मी गेले. काका बेकरीसमोर फूटपाथवर काकूंचा दंड धरून उभे होते. उजवा हात सारखा काहीतरी मोजत असल्यासारखा हलत होता. चेहरा हलायचा थांबला होता, त्यामुळे त्यांना मी दिसल्याचा आनंद झाला की नाही हेही कळेना. "आलीस?" एवढंच म्हणाले.

मिरवणूक आली. घोडे, भोपळ्यांची गाडी, वाजंत्री, मग ट्रॅक्टर. सासरेबुवांचा ट्रॅक्टर चौथा होता. एर्विन वर बसून हात हलवत होता. तो आमच्यासमोरून धडधडत गेला आणि धुराचा लोट अंगावर आला. लोक खोकत हसले.

काकांनी माझा हात धरला. वर्षभरात त्यांनी कुणाला वासाबद्दल काही विचारलं नव्हतं, काकू नंतर म्हणाल्या.

"रॉकेलवर टाकलाय का अजून पेट्रोलवर आहे?"

"रॉकेलवर, काका." हे मला कळलं. मला कोण आनंद झाला.

"नीट जळतंय का? डोळ्यात जातंय का घशात बसतंय?"

मी धुरात तोंड घालून जोरात श्वास घेतला. भाजलेल्या सॉसेजचा वास आला, ओल्या गवताचा आला, आणि रॉकेलचा. परत घेतला. डोळे मिटून घेतला. फक्त रॉकेल.

"सांग की," काका म्हणाले.

"मला नाही कळत, काका."

ट्रॅक्टर चर्चच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. लोक पुढच्या गाडीकडे बघायला लागले. काका माझा हात धरून माझ्या तोंडाकडेच बघत होते.